रात्रीचे भरणे आणि दिवसाची वीज

पारनेर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर थंडीच्या दिवसांत रात्री साडेअकराला लाइट यायची. लाइट म्हणजे मोटारीला लागणारी थ्री फेज वीज. घरातल्या दिव्यांना कोणी लाइट म्हणत नसे. माझे थोरले चुलते, आप्पा, आठलाच जेवून अंगावरच्या कपड्यांनिशी आडवे व्हायचे. स्टार्टरला ऑटो बसवलेला असल्यामुळे विहिरीवरची मोटार आपली आपण चालू व्हायची. पण पाणी आपले आपण वाफ्यात जात नाही. कांद्याचे भरणे, म्हणजे वाफ्यांना पाणी देणे, असले की दर पाच-सात मिनिटांनी एका वाफ्याचे दारं बुजवायचे आणि पुढच्याचे फोडायचे, आणि हे सकाळी साडेनऊला लाइट जाईपर्यंत चालायचे.

अकरावीत असताना नाताळच्या सुट्टीत मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. दोनच्या सुमाराला पाटाच्या कडेला काहीतरी हलले. आप्पांनी कपाळावरची बॅटरी तिकडे वळवली. घोणस होती, चांगली मनगटाएवढी. ओलाव्याला आलेल्या बेडकांमागे साप येतातच. मी जागच्या जागी थिजलो. आप्पांनी खोऱ्याच्या दांड्याने तिला बांधाकडे सारले आणि लगेच खाली वाकून दारं फोडले, कारण तेवढ्या वेळात वाफा तुडुंब भरून फुटायला आला होता. "पाणी थांबत नाही रं," एवढेच ते म्हणाले.

त्या रात्रीपासून ऊर्जा-धोरण हा शब्द ऐकला की मला तो वाफा दिसतो. शेजारच्या जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे सापाच्या जोडीला उसातला बिबट्या असतो. तिकडचे शेतकरी दिवसा वीज मागतात तेव्हा सोय मागत नसतात, रात्री घरी जिवंत परतण्याची हमी मागत असतात.

ही रात्रपाळी आप्पांनी मागून घेतलेली नव्हती. कोळशावरचा वीजसंच हवा तेव्हा बंद आणि हवा तेव्हा चालू करता येत नाही. बॉयलर एकदा तापला की तो रात्रंदिवस चालता ठेवावा लागतो, फार तर थोडा मंद करता येतो. दिवसा कारखाने आणि कचेऱ्या वीज खेचतात, संध्याकाळी घरे खेचतात, आणि मध्यरात्रीनंतर मागणी कोसळते. ती कोसळू नये म्हणून कोणाला तरी रात्री वीज वापरायला लावणे भाग होते. मुंबईतल्या कचेरीला रात्री काम कर असे सांगता येत नव्हते, शेतकऱ्याला सांगता आले. म्हणून राज्यात पाळी ठरली: काही दिवस दिवसा ८ तास, काही दिवस रात्री १० तास. वर्षानुवर्षे आपण शेतकऱ्याला स्वस्त वीज देतो असे म्हणत राहिलो, पण त्या वीजव्यवस्थेचा तोल आप्पांसारख्यांच्या झोपेवर सांभाळला जात होता, हे कोणत्याही दरपत्रकात लिहिलेले नव्हते.

आता त्याच रात्रीचा हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडून पाहू. पाच अश्वशक्तीची मोटार दहा तास चालली की साधारण ३७ युनिट वीज लागते. कोळशाच्या संचात एका युनिटमागे साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास कोळसा जळतो. म्हणजे आप्पांच्या एका भरण्यामागे चोवीसेक किलो कोळसा. आपल्या कोळशात तीस ते चाळीस टक्के राखच असते, म्हणजे सात ते साडेनऊ किलो राख. आणि पस्तीसेक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत. ही एका विहिरीची एक रात्र झाली. राज्यात कृषिपंप ४७ लाखांच्या वर आहेत.

ती राख कुठे जाते, ते चंद्रपूरच्या आणि नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या लोकांना विचारावे. जुलै २०२२ मध्ये भर पावसात कोराडी औष्णिक वीजकेंद्राच्या खसाळा राखतलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या शेतांत आणि नाल्यात शिरला. पारनेरच्या शेतकऱ्याला रात्री दिलेल्या विजेची किंमत नागपूरच्या शेतकऱ्याने आपल्या वावरात मोजली, असाच त्याचा अर्थ आहे. दोघेही शेतकरी, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही, आणि दोघांच्या नावाने बोलणारे पुढारीही हा धागा कधी जोडून दाखवत नाहीत.

म्हणून मला ठामपणे वाटते, की शेतीला दिवसा सौर वीज हे महाराष्ट्राने हवामानबदलाच्या बाबतीत उचललेले सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. ते हवामानाचे नाव न घेता उचलले गेले, यात मला काही कमीपणा वाटत नाही. पण त्याच्या एका बाजूला मोफत विजेचे राजकारण आणि दुसऱ्या बाजूला कोळशाचे नवे करार उभे राहिले आहेत, आणि या दोन्हींनी ते पाऊल मागे खेचले जाईल, ही भीती मला मांडायची आहे.

आधी चांगले सांगतो. कृषिपंपांच्या फीडरला, म्हणजे सबस्टेशनवरून शेतीकडे वीज नेणाऱ्या लाइनला, जवळच्या सबस्टेशनवरच छोटा सौर प्रकल्प जोडायचा, ही कल्पना पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने चिकाटीने मांडली. ती साधी आहे आणि म्हणूनच मोलाची आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर वेगळे पॅनेल नको, शेकडो किलोमीटर लांबीच्या उच्चदाबाच्या लाइनी नकोत. सबस्टेशनपासून काही किलोमीटरच्या आत दोन-पाच मेगावॅटचा प्रकल्प उभा करायचा, आणि उन्हात तयार झालेली वीज त्याच सबस्टेशनच्या शेती फीडरला द्यायची. ऊन मावळल्यावर काय, हा सौर विजेला नेहमी विचारला जाणारा प्रश्न इथे फारसा अडवत नाही, कारण पिकाला पाणी दुपारी मिळाले तरी चालते, आणि साठवणच करायची तर शेततळे आहे, बांधावरची टाकी आहे. बॅटरीचा खर्च वाचतो. विजेच्या इतर कुठल्याच वापराचे उन्हाशी इतके जमत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली. सुरुवातीच्या प्रयोगासाठी निवडलेली दोन गावे म्हणजे आमच्या तालुक्यातले राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी. पहिली पाच-सहा वर्षे काम रखडतच चालले. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ असे ठरले, तेव्हा खडकाळ माळ पडून असलेले शेतकरी स्वतःहून पुढे आले. या आवृत्तीतला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. निविदांमधला दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आला, आणि एकूण उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटपर्यंत नेण्यात आले.

हा तीन रुपयांचा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. हवामानबदलाच्या चर्चेत आपल्याकडे नेहमी एक गृहीत धरलेले असते, की स्वच्छ ऊर्जा म्हणजे गरिबाने श्रीमंत देशांच्या पापाची परतफेड करणे. ग्लासगोच्या परिषदेत नोव्हेंबर २०२१ मध्ये कोळसा 'बंद करण्या'ऐवजी 'कमी करण्या'चा शब्द भारताने घालून घेतला तेव्हा हेच कारण होते, आणि ते कारण खोटे नव्हते. भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला चौदा टनांच्या आसपास. त्या सभागृहात ही विषमता मांडणे हे आपले कर्तव्यच होते. पण तेच वाक्य कोराडीत येऊन म्हणता येत नाही. कोराडीच्या विहिरीत पडणारी राख अमेरिकेच्या वाट्याची नाही, आणि आप्पांची रात्रही युरोपने हिरावलेली नव्हती. जगापुढे न्याय मागताना आपण घरातल्या अन्यायाला तोच युक्तिवाद वापरून पांघरूण घालत असू, तर तो युक्तिवाद आपणच नासवतो.

मे २०२३ च्या अखेरीस, विदर्भाच्या भर उन्हाळ्यात, कोराडीत आणखी ६६० मेगावॅटच्या दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. नागपूर-चंद्रपूरचा मे ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्या दिवसांत मंडपात बसणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. लोक तिथे आले, बोलले, अनेकांनी विरोध केला, आणि प्रकल्प पुढे सरकत राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये महावितरणने अदानी समूहाला दिलेल्या इरादापत्रात ५,००० मेगावॅट सौर आणि सुमारे १,५०० मेगावॅट औष्णिक वीज एकाच निविदेत बांधलेली होती. देशपातळीवरही तेच चित्र आहे. २०२५ च्या मध्यावर देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, ही खरोखर अभिमानाची गोष्ट. पण स्थापित क्षमता म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेली वीज नव्हे, आणि प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या वर आहे. २०२४-२५ मध्ये देशाने शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा काढला, आणि २०३१-३२ पर्यंत निदान ८० हजार मेगावॅटची औष्णिक भर घालायचे केंद्राने ठरवले आहे.

कोळशाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मी बाजूला टाकत नाही. संध्याकाळी सात ते अकरा या वेळात महाराष्ट्राला वीज लागते, आणि तेव्हा ऊन नसते. हे खरे आहे. पण त्या चार तासांसाठी चोवीस तास तापता ठेवावा लागणारा आणि पंचवीस वर्षांच्या करारात बांधून घेणारा संच हाच उपाय कसा? आमच्या जिल्ह्यातच, अकोले तालुक्यात घाटघरला, २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. वीज जास्त असते तेव्हा पाणी खालच्या धरणातून वरच्या धरणात चढवायचे आणि संध्याकाळी सोडून वीज घ्यायची. सह्याद्रीसारखी उभी भिंत लाभलेल्या राज्याला हे तंत्र देवाने दिल्यासारखे आहे. बॅटऱ्यांचे दरही झपाट्याने उतरत आहेत.

आणि पंचवीस वर्षांचा करार म्हणजे काय, हे महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवायला नको. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाने ते शिकवले आहे. वीज घ्या अगर न घ्या, ठरलेला आकार द्यावाच लागेल, अशा अटीपायी वीज मंडळ मेटाकुटीला आले, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. औष्णिक करारात स्थिर आकाराची ही अट आजही असते. आज सही झालेला संच २०३० च्या सुमारास सुरू झाला तर त्याचा स्थिर आकार २०५५ पर्यंत आपल्या बिलात येत राहणार. दुपारी सौर वीज तीन रुपयांनी मिळत असताना तो संच मंद ठेवायचा आणि पैसे मात्र पूर्ण भरायचे, ही वेळ आपल्या मुलांवर येईल. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनीच दुपारच्या सौर तासांत वीजदर नेहमीपेक्षा निदान २० टक्के कमी ठेवायला सांगितले आहे. वीज कुठल्या वेळेला स्वस्त होत चालली आहे, हे सरकारला पुरते ठाऊक आहे.

चंद्रपूरचे मला वेगळे लिहायला हवे, कारण कोळसा नको म्हणणारे बहुतेक लोक पुण्या-मुंबईत राहतात आणि त्यांचा पगार कोळशावर अवलंबून नसतो. खाणीवर, राखेच्या ट्रकवर, केंद्रातल्या कंत्राटी कामावर तिथली हजारो घरे चालतात. संच बंद करायची तारीख ठरवताना त्याच कागदावर या घरांचे काय, हेही ठरले पाहिजे. चंद्रपूरचे जुने संच यापूर्वीही बंद झाले आहेत, म्हणजे हा प्रश्न पुढच्या पिढीचा नाही.

आता मोफत विजेकडे येतो. हा भाग लिहिताना माझ्याच घरातले लोक नाराज होतील, हे मला माहीत आहे.

जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे वीज माफ. ४४ लाख शेतकरी, वर्षाचा खर्च १४,७६० कोटी रुपये: आधीपासूनच्या सवलतीचे ६,९८५ कोटी आणि नव्याने माफ झालेले ७,७७५ कोटी. भागाकार केला तर एका पंपामागे वर्षाला तेहतीस हजार रुपयांहून जास्त. २००४ मध्येही विधानसभेच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतीची वीज मोफत केली होती. निवडणूक झाली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि २००५ मध्ये ती सवलत गुंडाळली गेली. ज्यांच्या आयुष्यात हे एकदा घडून गेले आहे ते आजच्या माफीवर किती विसंबतील?

शेतकऱ्याने मोफत वीज मागितली होती का, हेही एकदा नीट आठवून पाहावे. शेतकरी संघटनेची घोषणा होती, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणे धरून बसले, तेव्हाची मुख्य मागणी दिवसा दहा तास विजेची होती. आमच्या पारावरही मी आयुष्यभर हेच ऐकत आलो: बिल घ्या, पण लाइट दिवसा द्या, पुरत्या दाबाने द्या, आणि न वापरलेल्या विजेचे बिल लावू नका. यातली शेवटची तक्रार तर फार खोल आहे. बहुतेक जुन्या पंपांचे बिल मीटरवर नाही, अश्वशक्तीवर निघत आले. वीजग्राहक संघटनेचे इचलकरंजीचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षे सांगत आले, की शेतीचा वीजवापर कागदावर फुगवला जातो आणि त्याआड गळती आणि चोरी लपवली जाते. माफी आल्यावर ही सगळी चर्चाच थांबली. बिल शून्य झाले की ते चूक होते का बरोबर, हे कोण विचारणार? पण त्या कागदावरच्या युनिटांचे पैसे तिजोरीतून जातच आहेत.

आणि पाणी? आमच्या भागाला गेल्या वर्षीपासून दिवसा लाइट मिळते. आप्पा आता सत्तरीकडे झुकले आहेत आणि रात्री झोपतात. सकाळी नऊला मोटार चालू होते, पाचला बंद होते. काकू म्हणतात, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माणूस थंडीत घरात झोपलेला पाहिला. या एका वाक्यासाठी मी या योजनेचे शंभर दोष पदरात घ्यायला तयार आहे. पण गेल्या वर्षी आमच्या विहिरीने होळीलाच तळ गाठला. पूर्वी ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, कमी का होईना, पाणी द्यायची. दिवसा लाइट, पैसे शून्य, ऑटो चालू: आसपासच्या वीस-बावीस विहिरी आणि त्यांतले बोअर एकाच वेळी उपसायला लागले. रात्रीच्या त्रासाचा, नको तेवढा, पण एक लगाम होता. तो गेला, जायलाच हवा होता, आणि त्याच्या जागी दुसरा काहीच आला नाही.

मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना या बाबतीत आणखी पुढची पायरी आहे. दहा टक्के रक्कम भरली, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरली, की पंप आणि पॅनेल त्याचे. लाइटची वाट पाहायला नको, वायरमनच्या विनवण्या नकोत. मी याला विरोध करणार नाही; जिथे खांबच पोचले नाहीत तिथे हा पंप म्हणजे नवे आयुष्य आहे. पण ऊन असेपर्यंत फुकट चालणारी मोटार बंद करायला शेतकऱ्याला काहीतरी कारण असायला हवे. कायद्याने ते मिळत नाही. भूजलाचा २००९ चा कायदा आहे, ६० मीटरहून खोल विहीर घेऊ नये असे त्यात आहे, आणि आमच्या तालुक्यात पाचशे-सहाशे फुटांच्या बोअरवेलच्या गाड्या दिवसाढवळ्या फिरतात.

कारण मिळते ते पैशातून, आणि त्याचे दाखले दूरचे नाहीत. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात ढुंडी गावच्या मोजक्या शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी काढली आणि २०१६ पासून उरलेली वीज वीजकंपनीला विकायला सुरुवात केली. पाणी उपसले तर पीक, न उपसले तर विजेचे पैसे. मोटार बंद ठेवण्याला तिथे किंमत आली. पंजाबने, जिथे मोफत विजेने भूजल रसातळाला नेले आहे, २०१८ मध्ये 'पानी बचाओ, पैसे कमाओ' नावाची योजना आणली: ठरलेल्या कोट्यातले जेवढे युनिट वाचतील, त्यांचे युनिटला ४ रुपये शेतकऱ्याच्या खात्यात. महाराष्ट्र एका पंपामागे वर्षाला तेहतीस हजार खर्च करतोच आहे. त्यातला काही भाग वाचवलेल्या युनिटांचा मोबदला म्हणून थेट शेतकऱ्याला द्या. वीज माफ असूनही ज्याने ठिबक केले, ज्याने उसाऐवजी हरभरा घेतला, त्याच्या हातात रोकड पडू द्या. कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्याच्याकडे विहीरच नाही, मोफत विजेतून एक पैसा मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या. त्याचा विचार या १४,७६० कोटींत कुठे आहे?

मीटरवर शेतकऱ्याचा विश्वास नाही, असे म्हणतात, आणि तो का नाही ते वर लिहिलेच आहे. म्हणून सुरुवात प्रत्येक पंपापासून न करता फीडरपासून करावी. एका फीडरवरची गावे, त्यांचा एकत्रित वापर, त्यांची एकत्रित बचत. आमच्या शेजारच्या हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, शेतीसाठी बोअरवेल नाही आणि ऊस नाही असा नियम गावानेच करून तो पाळून दाखवला आहे. जे गाव पाण्याचा ताळेबंद मांडते त्याला विजेचा मांडणे कठीण नाही.

जमिनीचा प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. ज्याच्या नावावर माळरान आहे त्याला हेक्टरी सव्वा लाख भाडे मिळते, चांगले आहे. पण बरेच प्रकल्प गायरानावर येतात. गायरानावर कोण असते? मेंढरे घेऊन फिरणारा धनगर, एक-दोन शेळ्यांवर घर चालवणारी बाई, आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात तुरुंग भोगला ती दलित कुटुंबे. सातबारावर त्यांचे नाव नाही, म्हणून त्यांना भाडे नाही. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख मिळतात, तेही ३ वर्षे, आणि प्रकल्प पंचवीस वर्षे उभा राहतो. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे ऐंशी ओलांडलेले एक शेतकरी वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागत मंत्रालयात खेटे घालत राहिले, जानेवारी २०१८ मध्ये तिथेच विष प्याले आणि काही दिवसांत रुग्णालयात वारले. उन्हापासून केलेली वीज स्वच्छ असते, पण ती आपोआप न्याय्य होत नाही. गायरानावरच्या प्रकल्पाला ग्रामसभेची मोकळी संमती हवी, आणि भाडे पूर्ण पंचवीस वर्षे, तिथे चारणाऱ्या-कसणाऱ्या घरांच्या नावाने यायला हवे. तीन रुपयांच्या विजेवर त्यासाठी पाच-दहा पैसे चढले तरी ती कोळशाहून स्वस्तच राहील.

हवामानबदल आपल्या राजकारणात फक्त नुकसानभरपाईच्या रूपाने येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडची उभी पिके आणि गोठ्यातली जनावरे नेली, जमिनी खरवडल्या. ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. एखाद्या पुराचे सगळे खापर हवामानबदलावर फोडणे बरोबर नाही, हे मी मानतो. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते कुठेतरी एकदम ओतते, हे भौतिकशास्त्र आहे. पॅकेजची फाइल मदत व पुनर्वसन खात्यात असते आणि नव्या औष्णिक संचाची ऊर्जा खात्यात. दोन्हींवर सही करणारे मंत्रिमंडळ एकच असते. अधिवेशनात एखाद्या आमदाराने, कुठल्याही पक्षाच्या, या दोन फायली एकत्र मागवून उत्तर मागितले तर मी त्याला माझे मत देईन.

यंदाच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आप्पा बोलायला उभे राहिले. ते सहसा बोलत नाहीत. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा आहे, त्यावर पावसाचे महिन्यावार आकडे लिहिलेले असतात. आप्पांनी विचारले, "आपल्या फीडरनं महिन्याला किती युनिट ओढले, हे कुणाला ठाऊक हाय का?" कोणालाच ठाऊक नव्हते. सरपंचांनी फोन लावला. सबस्टेशनवरचा ऑपरेटर म्हणाला, दर तासाला वहीत लिहितो की, कोणी मागितलंच नाही आजवर. मग बरीच चर्चा झाली. आकडा कळला तर बिल पुन्हा सुरू होईल, अशी भीती दोघा-तिघांनी बोलून दाखवली, आणि ती खोटी आहे असे मी त्यांना सांगू शकलो नाही. शेवटी ठरले, की मार्चपासून दर महिन्याचे फीडरचे युनिट आणि गावातल्या पाच विहिरींची पातळी त्या फळ्यावर पावसाच्या खाली लिहायची. विहिरी मोजायचे काम आप्पांनी स्वतःकडे घेतले आहे.